रेल्वे मॉडेलच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच मांडणी न्यायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे जयसिंगपूरचे. घरी सहा बाय चार फुटांच्या एकाच प्लायवर त्यांनी एचओ स्केलची (खऱ्या रेल्वेच्या १:८७ मापाची) मांडणी केली आहे: लंबगोल रूळ, गाड्या बाजूला उभ्या करायला दोन सायडिंग, एक स्टेशन. कोल्हापुरात दोन दिवसांचं छंदांचं प्रदर्शन व्हायचंय, तिथं ती मांडाल का असं आयोजकांनी विचारलंय. आधी कधी मांडलेलं नाही, पाहायलाही एकदाच गेले होते. हो म्हणू का, आणि म्हटलं तर तयारी काय करू?

हो म्हणा. मात्र घरची मांडणी आहे तशी उचलून नेण्याचा विचार सोडून द्या. घरातली मांडणी आपल्यापुरती असते. रविवारी दुपारी तासभर गाडी फिरवायची, डबा घसरला तर हाताने परत ठेवायचा, रूळ काळे पडले की पुसायचे, त्यात कुणाचं काही जात नाही. प्रदर्शनात हेच दिवसाला आठ तास लोकांसमोर करायचं असतं. समोर येणाऱ्या माणसाकडे तुमच्यासाठी फार तर दोन-तीन मिनिटं असतात आणि तेवढ्यात त्याला गाडी नीट, न घसरता चालताना दिसली पाहिजे. झाडं किती सुंदर आहेत, इंजिन किती महागाचं आहे, हे सगळं त्यानंतर येतं. पुढे जे लिहितोय ते फिरून फिरून याच मुद्द्याशी येणार आहे.

उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. बावीस वर्षं मी रेल्वेची मॉडेलं करतोय, आणि या काळात शाळांच्या वर्गात, मंगल कार्यालयात, शाहू स्मारकात, सांगलीला, पुण्याला अशी पंधरा-सोळा वेळा मांडणी नेली आहे. त्यातल्या पहिल्या तीन-चार वेळा तर शिकण्यातच गेल्या.

आधी एखादं प्रदर्शन पूर्ण दिवस नुसतं पाहा. मागच्या वेळी प्रेक्षक म्हणून गेला असाल, आता मांडणारा म्हणून जा. दार उघडतं त्या वेळेला पोचा आणि संध्याकाळी आवरताना थांबा. सकाळी सगळ्यांच्याच गाड्या छान चालतात. खरी परीक्षा दुपारी तीननंतर असते. तोवर रुळांवर काजळी धरलेली असते, मोटरी तापलेल्या असतात, चालवणारा दमलेला असतो आणि हॉलमध्ये गर्दी वाढलेली असते. त्या वेळेला कुणाची गाडी अजून अडखळत नाही ते बघा आणि त्याच्याकडे जा. समोरून पाहून झालं की विचारून मागच्या बाजूला जा. पाय कसे लावलेत, बोर्ड कशाने जोडलेत, वायरींवर आकडे टाकलेत का, जास्तीचे डबे कुठे ठेवलेत, चालवणाऱ्याला बसल्या जागेवरून रूळ बदलायचे सगळे सांधे दिसतात का, हे वहीत उतरवून घ्या. किती खर्च आला हे विचारू नका, दिवसभर तो तेच ऐकत असतो. ‘बोर्ड जोडायला किती वेळ लागतो?’ असं विचारा, माणूस तिथल्या तिथे खुलतो आणि पान्हा हातात घेऊन दाखवायला लागतो.

पाहायला जाताना पाठीवरची सॅक पुढे घ्या. वळताना सॅकचा बंद सिग्नलच्या खांबाला अडकतो आणि कुणाचं तरी महिनाभराचं काम जातं. मूल बरोबर असेल तर त्याला कडेवर घ्या, पण मांडणीच्या कडेला टेकवून उभं करू नका. फोटो काढायला कुणी नाही म्हणत नाही, फक्त हात आणि मोबाइल रुळांच्या वर नेऊ नका.

प्रदर्शनात जुन्या मालाचं टेबल असतंच, आणि तिथं हात आवरणं अवघड जातं. इंजिन घ्यायचं असेल तर रुळावर चालवून दाखवायला सांगा, तेही हळू आणि दोन्ही दिशांना. वेगात कुठलंही इंजिन पळतं, मुंगीच्या चालीने चालायला लागलं की गिअर आणि मोटरची खरी अवस्था कळते. डबे घेताना चाकं पाहा. एचओत एका धुरेवरच्या दोन चाकांच्या आतल्या कडांमध्ये साधारण साडेचौदा मिलिमीटर अंतर लागतं. ते कमी-जास्त असेल तर डबा सांध्यावर हमखास उतरतो. मी पितळेचा त्या मापाचा एक तुकडा लेथवर कातून कायम खिशात ठेवतो.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली सुरू केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, ते पाहिलं नसेल तर जरूर पाहा. जर्मनीत हॅम्बुर्गला २००१ मध्ये सुरू झालेलं मिनिआटुर वुंडरलांड तर जगातलं सगळ्यात मोठं मानतात आणि तेही एचओतच आहे. पण या दोन्ही जागा कायमच्या आहेत. एकदा बसवलं की ते हलत नाही. आपल्याला शुक्रवारी रात्री लावून रविवारी रात्री टेम्पोत घालायचं असतं, त्यामुळे तिथं पाहिलेलं सगळंच आपल्या उपयोगाला येत नाही.

आता बोर्डाबद्दल. सहा बाय चारचा एकसंध प्लाय जिन्याच्या वळणावर अडतो, टेम्पोत आडवा मावत नाही आणि उचलायला चार माणसं लागतात. तो घरीच राहू दे. प्रदर्शनासाठी १२० बाय ६० सेंटिमीटरचे चार बोर्ड करा. दोनावर दोन जोडले की २४० बाय १२० होतात, म्हणजे आठ बाय चार फूट. पुढच्या दोन बोर्डांवर देखावा. मधोमध आकाशाचा पडदा. मागच्या दोन बोर्डांवर चार-पाच समांतर रूळ, तिथं गाड्या उभ्या राहतात आणि पाळीपाळीने पुढे येतात. या मागच्या यार्डात सजावट काही नसते, पण मांडणीचा जीव तिथंच असतो. लोकांना एकच गाडी गोल फिरताना दिसली तर तिसऱ्या फेरीला ते निघून जातात. पॅसेंजर गेली, मागोमाग मालगाडी आली, मग नुसतं इंजिन परतलं, असं झालं की थांबतात.

प्लाय बारा मिलिमीटरपेक्षा जाड नको, त्याखाली चौकट घट्ट हवी. आणि हे कोल्हापूर आहे, हे विसरू नका. लोक रूळ प्रसरण पावतात म्हणून काळजी करतात, पण मीटरभर रूळ वीस अंशांच्या फरकाने अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. हलतं ते लाकूड, आणि ते पावसाळी हवेने हलतं. एका श्रावणात आमचा बोर्ड घरी अगदी सपाट होता. टेम्पोवर ताडपत्री नीट बांधलेली नव्हती, रस्त्यात सरी आल्या, आणि हॉलवर जाऊन जोडतोय तर दोन बोर्डांच्या सांध्यात एका बाजूचा रूळ दीड मिलिमीटर वर. सकाळी नऊ ते बारा आम्ही कानसं घेऊन बसलो होतो आणि समोर शाळेची मुलं रांगेत उभी होती. त्या मुलांचे चेहरे अजून आठवतात. तेव्हापासून प्लायच्या सहाही बाजूंना, भोकांच्या आतसुद्धा, प्रायमर आणि वॉर्निशचे दोन-दोन हात दिल्याशिवाय मी एकही रूळ ठोकत नाही.

बोर्ड एकमेकांना जोडायला नुसते नट-बोल्ट पुरत नाहीत. बोल्ट फक्त आवळतो, जागा धरत नाही. त्यासाठी एका बोर्डाच्या कडेला पिन आणि समोरच्याला बुश (पिन आत जाईल अशी नळी) बसवायचं, दोन्ही लेथवर कातलेली, हाताने दाबून आत जाईल इतपत घट्ट. जिथं रूळ एका बोर्डावरून दुसऱ्यावर जातो तिथं प्रत्येक रुळाखाली पितळी स्क्रू बसवून त्याच्या डोक्यावर रुळाला सोल्डरचा डाग द्या. आधी रूळ अखंड टाकायचा, बोर्ड जोडलेले असताना डाग द्यायचा, आणि सगळ्यात शेवटी गुजरीत सोनार वापरतात त्या बारीक करवतीने फटीवर कापायचा. असं केलं की दोन्ही टोकं समोरासमोरच राहतात, त्यांना दुसरीकडे जायला वावच नसतो. इथं फिशप्लेट (रूळ जोडायच्या छोट्या पट्ट्या) सरकवून जोडायच्या भानगडीत पडू नका, दोन प्रदर्शनांत त्या सैल होतात. वायरिंगला बोर्डाबोर्डांत जुन्या कंप्युटरचे पंचवीस पिनांचे कनेक्टर चालतात. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना एकच आकडा घाला.

विषय काय घ्यावा, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मला यावर बोलायचंच आहे. परदेशी मासिकात पाहिलेली बर्फातली स्टेशनं करू नका. आपल्या दारात इतकं आहे. कोल्हापूर–मिरज मार्ग १८९१ साली सुरू झाला तो मीटर गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), पुढे १९७१ च्या सुमारास तो ब्रॉड गेज झाला. वळिवडे आणि रुकडीच्या मध्ये पंचगंगेवरचा पूल आहे, गूळ मार्केटचा थांबा आहे, दोन्ही बाजूंना ऊस. आणि मिरजेला तर एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज एकाच जंक्शनवर होती. नॅरो म्हणजे ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे, ७६२ मिलिमीटरची. तुम्ही जयसिंगपूरला राहता. मिरज तुमच्या शेजारी. घरातल्या मोठ्यांनी ती छोटी गाडी पाहिली असेल, त्यांना विचारा.

हे करायला अडचण वाटते तेवढी नाही. एचओ म्हणजे १:८७. मीटर गेजला ८७ ने भागलं तर साडेअकरा मिलिमीटर येतात, आणि १२ मिलिमीटरचे रूळ बाजारात मिळतात. बार्शीच्या ७६२ चे पावणेनऊ येतात, त्याला एन स्केलचे (एचओहून लहान मापाचे) ९ मिलिमीटरचे रूळ बरोबर बसतात. म्हणजे एन स्केलच्या छोट्या इंजिनाची खालची चाकं-मोटर घ्यायची आणि वर एचओच्या मापाची बॉडी घरी करायची. उलट आपलं ब्रॉड गेजच जरा अडचणीचं आहे. १६७६ ला ८७ ने भागलं की सव्वाएकोणीस येतात, आणि एचओचे रूळ साडेसोळाचे, कारण ते १४३५ च्या गेजसाठी ठरलेले आहेत. त्यामुळे भारतीय गाडी त्या रुळांवर थोडी अरुंद पायांची दिसते. बहुतेक जण हे चालवून घेतात आणि मीही घेतो. कुणी जाणकार विचारील तर त्याला खरं ते सांगा, तो खूशच होतो.

गाडीची लांबी मात्र आधीच मोजा. एलएचबी डबा (हल्लीच्या नव्या बनावटीचा लांब डबा) एचओत साधारण सत्तावीस सेंटिमीटर होतो. सतरा डब्यांची गाडी इंजिनासकट पाच मीटरच्या घरात जाते. आपल्या देखाव्याची लांबी २४० सेंटिमीटर. तिच्यात एवढी मोठी गाडी शिरली तर तोंड आत आणि शेपूट बाहेर अशीच दिसत राहील. चार-पाच डब्यांची जुनी पॅसेंजर घ्या, नाहीतर उसाच्या शेताकडेनं जाणारी छोटी मालगाडी. चौकटीत मावते आणि डोळ्याला पूर्ण गाडी दिसते.

देखाव्यावर कोल्हापूरच्या माणसाची नजर फार पक्की असते, हे लक्षात ठेवा. गणपतीतले हलते देखावे पाहत आणि दिवाळीत किल्ले करत तो मोठा झालेला असतो. मातीचा रंग चुकला तर लगेच ओळखतो. ऊस दहा फुटी धरला तर एचओत साडेतीन सेंटिमीटर भरतो. मी तो केरसुणीच्या बारीक काड्यांना हिरवा रंग देऊन करतो, वर चिरलेल्या कागदाची पाती, आणि थंडीतलं दृश्य असेल तर टोकाला पांढऱ्या सुती धाग्याचा तुरा. एका शेताला हजारभर काड्या लागतात आणि त्या एकेक करून रोवाव्या लागतात. त्याच्या बाजूला गुऱ्हाळ घातलं की लोक तिथून हलत नाहीत. मागे एकदा एका मुलीने पुलाकडे बोट दाखवून विचारलं, ‘काका, पुरात पाणी कुठवर आलं होतं?’ २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या या मार्गावरची वाहतूक थांबली होती, घराघरात ती आठवण आहे. पुढच्या प्रदर्शनाआधी मी पुलाच्या खांबांवर गढूळ पाण्याची एक पुसट रेघ काढली. आता सगळ्यात जास्त बोलणं त्या रेघेवर होतं.

चालवण्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. पहिली चूक वेगाची. ताशी शंभर किलोमीटरने जाणारी गाडी एचओत सेकंदाला बत्तीस सेंटिमीटर जाते. म्हणजे आपल्या २४० सेंटिमीटरच्या देखाव्यातून ती साडेसात सेकंदांत निघून जाईल. ताशी चाळीसने आणली तर एकोणीस सेकंद मिळतात, आणि खऱ्या स्टेशनात शिरणारी गाडी तेवढ्याच वेगाने किंवा त्याहून हळू येते. रुळाच्या बाजूला एक मीटरच्या दोन खुणा करा, मोबाइलवर वेळ लावा आणि कंट्रोलरच्या कोणत्या आकड्याला किती वेग पडतो ते कागदावर लिहून कंट्रोलरलाच चिकटवा. लहान मुलं ‘जोरात सोडा’ म्हणतील. सोडू नका. हळू येणाऱ्या गाडीकडे तीच मुलं वाकून, डोळे रुळांच्या उंचीला आणून बघतात, हे मी कितीदा पाहिलंय.

दुसरी चूक सफाईची. रूळ पॉलिश पेपरने घासू नका, त्याने ओरखडे पडतात आणि त्यात घाण आणखी बसते. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते सुती कापडावर घेऊन पुसा, पुसताना करंट बंद ठेवा, आणि बाटली टेबलावर उघडी सोडू नका, ते पेट घेतं. रुळांइतकीच चाकं पुसा. सगळेजण रूळ पुसतात आणि चाकं विसरतात, मग अर्ध्या तासात तीच घाण रुळांवर परत येते. सकाळी उघडण्याआधी, जेवणाच्या वेळी आणि चार वाजता, अशी तीनदा सफाई ठरवून करा. गाडी अडखळायला लागल्यावर पुसायला गेलात तर उशीर झालेला असतो.

पहिल्या वेळी साधा बारा व्होल्टचा डीसी कंट्रोलर घ्या. डीसीसी (प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल संदेश देणारी पद्धत) चांगलंच आहे, एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात, आवाज येतात. पण त्यात वेगवेगळे विभाग पाडलेले नसतील तर एक डबा सांध्यावर आडवा पडला की शॉर्ट होऊन सगळी मांडणी थांबते, आणि कुठं झालंय ते शोधताना समोर पन्नास माणसं असतात. डीसीत त्या कंट्रोलरवर असलेला भागच थांबतो. कंट्रोलर मात्र दोन न्या. इंजिनंही कमीत कमी तीन, आणि प्रत्येकाला पाऊण तासानंतर विश्रांती. घरी चारही बोर्ड जोडून सलग चार तास चालवून पाहिल्याशिवाय टेम्पो सांगू नका. घसरलेल्या प्रत्येक जागेवर रंगीत टिकली लावा, तिच्यावर डब्याचं नाव लिहा. एकाच जागी तीन टिकल्या झाल्या तर दोष रुळाचा, एकाच डब्याच्या नावाने तीन झाल्या तर दोष त्या डब्याच्या चाकांचा. माझ्याकडे असा एक डबा होता, फार सुंदर रंगवलेला. दोन वर्षं त्याची चाकं बदलून पाहिली, शेवटी घरी काचेत ठेवला. प्रदर्शनात जे चालतं तेच न्यायचं.

एकटे जाऊ नका. दोन माणसं ही कमीत कमी, तीन असली तर उत्तम: एकजण चालवायला, एकजण लोकांशी बोलायला, तिसरा चहाला गेलेला. चालवणारा माणूस बोलायला लागला की गाडी मागच्या यार्डात धडकते. बोलणारा माणूस मांडणीच्या पुढच्या बाजूला, लोकांच्यात उभा राहिला पाहिजे. मागे बसून, मान खाली घालून सोल्डरिंग करणारा माणूस दिसला की लोक प्रश्न विचारायला बिचकतात.

बोर्डाची उंची जमिनीपासून शंभर-एकशेपाच सेंटिमीटर ठेवा. मोठ्यांना वाकावं लागत नाही. मुलांसाठी पुढे एक मजबूत, न हलणारी फळी ठेवा, पंधरा-वीस सेंटिमीटर उंचीची. कडेपासून हातभर अंतरावर दोरी किंवा पाइपचं कुंपण हवंच, आयोजक देत नसतील तर आपलं न्या. पण सगळंच दोरीमागे ठेवलं तर मुलांचा हिरमोड होतो. मी एका टोकाला वेगळा चार फुटांचा रूळ, एक जुनं इंजिन आणि एक बटन ठेवतो. दाबलं की इंजिन जातं, सोडलं की थांबतं. मुलांची रांग तिथं लागते आणि मुख्य मांडणी सुरक्षित राहते.

एका प्रदर्शनात एक वयस्क गृहस्थ आले होते. धोतर, टोपी, हातात पिशवी. दहा मिनिटं नुसतं बघत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो तेव्हा म्हणाले, ‘तुमचा गेटमन चुकलाय.’ मी पाहिलं. फाटकापाशी मी जेमतेम दोन सेंटिमीटरचा माणूस उभा केला होता, हातात हिरवं निशाण, तोंड रस्त्याकडे. ते म्हणाले, ‘गाडी येताना गेटमन गाडीकडे तोंड करून उभा राहतो. पुरी गाडी बघायची, कुठं काही लोंबतंय का, कुठं धूर निघतोय का, आणि शेवटी गार्डाला निशाण दाखवायचं. पाठ करून उभा राहिला तर चार्जशीट मिळंल त्याला.’ ते स्वतः रेल्वेत चावीवाले होते, रोज हातोडी घेऊन रुळांवरून चालत चाव्या ठोकायचे. मी तिथंच चिमट्याने तो माणूस उपटला, फिरवून परत चिकटवला आणि पुढची गाडी सोडली. त्यांनी ती शेवटच्या डब्यापर्यंत पाहिली, मान हलवली आणि गेले. तेवढी दाद मला पुन्हा कधी मिळालेली नाही. म्हणून सांगतो, रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं आली की त्यांना खुर्ची द्या आणि ऐका. मिरजेच्या आसपास अशी माणसं पुष्कळ आहेत.

आयोजकांशी बोलताना सगळं लिहून घ्या: मांडणीचं माप, भोवती चालवणाऱ्यांसाठी लागणारी जागा धरून एकूण माप, टेबलं तुमची की त्यांची, किती माणसं, टेम्पो कुठवर येतो, लिफ्ट आहे का, रात्री हॉलला कुलूप आणि राखण असते का, टेम्पोचं भाडं कोण देणार. भाडं मागायला संकोचू नका, मांडणी आणणाऱ्याने पदरचे पैसे घालावेत अशी अपेक्षा रास्त नाही. आणि वीज. एका हॉलमध्ये आमच्याच प्लगवर मागच्या बाजूला चहाच्या स्टॉलची मोठी किटली लावली गेली. ऐन गर्दीत एमसीबी पडली आणि पाऊण तास सगळं बंद राहिलं. स्वतंत्र पॉइंट मागा, तो शुक्रवारीच जाऊन बघा, आपलं दहा मीटरचं एक्स्टेंशन न्या. २३० व्होल्टचं जे काही आहे ते मागच्या बाजूला, जमिनीपासून वर, मुलांचा हात पोचणार नाही असं. बोर्डांवर फक्त कंट्रोलरकडून येणारा कमी व्होल्टचा करंट गेला पाहिजे. डोक्यावरचा पंखा बंद करायला सांगा, त्याने वर्षानुवर्षांची धूळ नेमकी तुमच्या रुळांवर येते. मांडणीवर आपला दिवा लावा, हॉलच्या ट्यूबलाइटमध्ये रंग मरतात.

हत्यारांच्या पेटीत मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, बारीक चिमटे, फेव्हिकॉल, दुहेरी टेप, जास्तीच्या फिशप्लेट, चाकांचं ते पितळी माप आणि एक पातळ चादर असू द्या. चादर रात्री मांडणीवर टाकायला.

आवरताना घाई करू नका. रविवारी संध्याकाळी सगळे दमलेले असतात आणि जास्तीत जास्त मोडतोड त्या अर्ध्या तासात होते. आधी इंजिनं-डबे आपापल्या खोक्यात, मग सुटी झाडं-माणसं, मग वायरी, आणि शेवटी बोर्ड. दोन-दोन बोर्ड समोरासमोर तोंड करून, टोकांना प्लायच्या फळ्या ठोकून पेटीसारखे बांधले की वरून काही पडलं तरी आतल्या देखाव्याला धक्का लागत नाही. टेम्पोत ते उभे ठेवा, आणि ताडपत्री स्वतःच्या हाताने बांधा.

प्रदर्शनाला तीन महिने असतील तर चारही बोर्ड पूर्ण होतील, देखावा अर्धाच झाला तरी चालेल. उरलेला अर्धा भाग तिथंच बसून, लोकांसमोर करा. ऊस रोवताना बघायला लोकांना फार आवडतं. बोर्डांच्या पिना आणि बुश मी कातून देईन, त्याची चिंता करू नका. चौकटी तयार झाल्या की प्रत्येक सांध्याच्या दोन्ही कडांची जाडी मोजून आणा, तीन-तीन ठिकाणी, व्हर्निअरने आणि मिलिमीटरमध्ये. इंचातली मापं आणू नका.